प्रमाणग्रंथ आणि वाचक : एका वाक्याची दुरुस्ती

गेली बावीस वर्षे मी पदव्युत्तर वर्गात एक वाक्य सांगत आलो. साहित्यातील अभिजातता कशी घडते, कोणती पुस्तके टिकतात आणि कोणती विस्मृतीत जातात, हा विषय निघाला की ते आपोआप ओठांवर येई : इ.स. ३२५ मध्ये निकेया येथे सम्राट कॉन्स्टंटाइनच्या आश्रयाने बिशपांची परिषद भरली. तीत असंख्य शुभवर्तमानांतून चार निवडली गेली आणि उरलेली निषिद्ध ठरली. वाक्य आटोपशीर होते. ज्ञान आणि सत्ता यांच्या संबंधांविषयी एरवी तासभर जे समजावून सांगावे लागे, ते त्यातून दोन मिनिटांत सिद्ध होई. विद्यार्थी ते उतरवून घेत. उत्तरपत्रिकांत ते मला पुन्हा भेटे, आणि मी त्याला गुण देत असे.

एके वर्षी तास संपल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, हे परिषदेच्या कितव्या नियमात आहे? मला लघुप्रबंधात संदर्भ द्यायचा आहे." प्रश्नात खोच नव्हती, केवळ तळटीपेची निकड होती. "बघून सांगतो," असे मी म्हणालो.

निकेयाच्या परिषदेचे वीस नियम आज उपलब्ध आहेत. एका बैठकीत वाचून होतील एवढाच तो मजकूर. धर्मगुरूंनी व्याज घेऊ नये, नव्या बिशपच्या नेमणुकीला किमान किती बिशप हजर असावेत, छळाच्या काळात श्रद्धा सोडलेल्यांना परत कसे घ्यावे, अशा गोष्टी त्यात आहेत. परिषदेचा मुख्य वाद एरिअसच्या मताविषयी, म्हणजे पिता आणि पुत्र यांच्या तत्त्वैक्याविषयी होता; ईस्टर कोणत्या दिवशी पाळावा हाही प्रश्न होता. शास्त्रग्रंथांची यादी ठरविणारा नियम मात्र वीसांत एकही नाही. मग माझे वाक्य आले कोठून? त्याचा माग नवव्या शतकातील एका बायझंटाईन संकलनापर्यंत जातो. तिथे अशी कथा आहे की, सर्व ग्रंथ वेदीपाशी ठेवून प्रार्थना केली गेली, तेव्हा खरे ग्रंथ वर राहिले आणि खोटे खाली सापडले. पुढे व्होल्तेअरने या कथेची टवाळी केली, आणि टवाळीच्या वाटेने ती अधिकच पसरली. विसाव्या-एकविसाव्या शतकांतील लोकप्रिय कादंबऱ्यांनी तिला नवे वाचक मिळवून दिले. म्हणजे सत्तामीमांसेच्या नावाखाली मी इतकी वर्षे एक चमत्कारकथाच शिकवीत होतो. तिच्यातला देव तेवढा वगळून.

चूक उमगल्यावर लाज वाटली, हे खरे. परंतु मला अधिक अस्वस्थ केले ते दुसऱ्याच प्रश्नाने : हे वाक्य मला हवेहवेसे का वाटले होते? त्याचे उत्तर शोधण्यासाठी जे वाचले, त्यातील काही येथे मांडतो.

'कॅनन' या शब्दाच्या मुळाशी बोरू किंवा वेताची काठी हा अर्थ आहे. त्यावरून मोजपट्टी, आणि त्यावरून नियम. आपल्याकडे 'प्रमाण' हा शब्द मापाशी असेच नाते सांगतो. पण वेदप्रामाण्याची मीमांसा अपौरुषेयत्वाचा आधार घेते, आणि दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती मंडळी मात्र नेमकी पुरुषाचीच चौकशी करताना दिसते : हे कोणी लिहिले? तो प्रेषितांपैकी किंवा त्यांच्या सहवासातला होता का? लेखकाच्या मृत्यूची घोषणा ऐकून वाढलेल्या माझ्या पिढीला हे अवघडच वाटावे. 'लेखक म्हणजे काय?' या १९६९ च्या व्याख्यानात फुकोने संत जेरोमच्या निकषांचा आधार घेतला होता, हे मी वर्गात कितीदा सांगितले असेल. पण ते निकष ज्या व्यवहारातून आले, त्याकडे पाहण्याची गरज मला भासली नव्हती.

तो व्यवहार मुळात वाचनाचा होता. इ.स. १५० च्या सुमारास रोममध्ये लिहिणारा जस्टिन सांगतो, की रविवारी एकत्र जमल्यावर प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांची लिखाणे वेळ असेल तोवर वाचली जातात. त्याच सुमारास मार्सिऑनने लूकचे संक्षिप्त शुभवर्तमान आणि पौलाची दहा पत्रे एवढाच संग्रह मान्य केला, आणि मर्यादा आखण्याचा प्रश्न इतरांपुढेही टोकदारपणे उभा राहिला. इ.स. १८० च्या सुमारास लियोंचा बिशप इरेनिअस म्हणतो, की जशा दिशा चार तशी शुभवर्तमानेही चारच. युक्तिवाद म्हणून हे फारसे पटण्याजोगे नाही. पण असा युक्तिवाद नवी निवड करणारा माणूस करीत नाही. जे आधीच हाताशी आहे त्याला शोभा आणणारा माणूस करतो. निकेयाला तेव्हा जवळजवळ दीडशे वर्षांचा अवकाश होता.

याच काळातील एक प्रसंग मला विशेष जवळचा वाटतो. अंत्युखियाचा बिशप सेरापिओन ऱ्होसस या गावी गेला असता तेथील लोकांनी पेत्राच्या नावाचे एक शुभवर्तमान वाचण्याविषयी विचारले. त्याने ते न वाचताच अनुमती दिली. पुढे शंका आल्यावर प्रत मिळवून वाचले, तेव्हा बहुतेक भाग योग्य पण काही भर घातलेली आहे, असे त्याचे मत झाले आणि त्याने मंडळीला तसे कळविले. युसेबिअसने हे पत्र अंशतः जतन केले आहे. ग्रंथ न वाचता त्याला संमती देणारा आणि नंतर तशी कबुली देणारा हा बिशप. त्याच्याकडे मी पुढे परत येणार आहे.

चौथ्या शतकाच्या आरंभीही चित्र निश्चित नव्हते. युसेबिअस ग्रंथांची वर्गवारी करतो : सर्वमान्य, वादग्रस्त आणि अप्रमाण. योहानाच्या प्रकटीकरणापाशी मात्र त्याची लेखणी अडखळते. तो ते सर्वमान्यांत घालतो आणि अप्रमाणांतही. कोणाला योग्य वाटले तर, अशी पुस्ती जोडून. ज्यांनी हे ग्रंथ वापरले त्यांच्यांतच एकमत नाही, हे दडविणे त्याला प्रशस्त वाटले नाही. आज जे सत्तावीस ग्रंथ 'नवा करार' म्हणून ओळखले जातात, नेमकी तेवढ्याच ग्रंथांची पहिली उपलब्ध यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथानेशिअस याच्या ३६७ सालच्या पत्रात मिळते. त्याच शतकातील सिनाई हस्तलिखितात तरीही बर्नबाचे पत्र आणि हर्मासचा 'मेंढपाळ' नव्या करारापाठोपाठ बांधलेले आहेत.

या सर्व वाचनात माझ्या मनात ठाण मांडून बसले ते मात्र कोणत्याही यादीत नसलेले एक दृश्य. ३०३ साली सम्राट डायोक्लिशनच्या राजवटीत ख्रिस्ती शास्त्रग्रंथ जप्त करून जाळण्याचा हुकूम निघाला. उत्तर आफ्रिकेतील सिर्ता, म्हणजे आजच्या अल्जीरियातील कॉन्स्टंटीन, येथे १९ मे रोजी अधिकारी चर्चच्या घरी आले. तिथले सामान त्यांनी मोजून घेतले. ग्रंथांचे कपाट रिकामेच होते. ग्रंथ कोठे आहेत असे विचारता बिशपने सांगितले, की ते वाचकांच्या घरी आहेत. येथे 'वाचक' म्हणजे सभेत मोठ्याने वाचण्यासाठी नेमलेली माणसे. मग अधिकारी घरोघर फिरले. कोणाकडे चार पोथ्या निघाल्या, कोणाकडे पाच, कोणाकडे आठ. व्हिक्टर नावाचा एक व्याकरणशिक्षक होता. त्याने दोन पोथ्या आणि चार सुटे जुडगे दिले. आणखी असतील, असे अधिकाऱ्याने दरडावले. असत्या तर दिल्या असत्या, असे तो म्हणाला. सतरा वर्षांनी, ३२० साली, दुसऱ्या एका चौकशीत ही नोंद वाचून दाखविली गेली, म्हणून ती आपल्यापर्यंत आली. पोथ्यांत कोणते ग्रंथ होते ते नोंदीत नाही; मोजणाऱ्यांना त्या फक्त मोजायच्या होत्या. परंतु आपल्या घरी असलेले काय द्यायचे आणि काय दडवायचे, हा प्रश्न त्या दिवशी त्या प्रत्येक वाचकापुढे उभा राहिला असणार. व्हिक्टर माझ्याच व्यवसायातला. मला त्याला हसता येत नाही.

येथवर येऊन, प्रमाणग्रंथ सत्तेने नव्हे तर वाचकांनी घडविले, असा उलट निष्कर्ष काढावा असा मोह होतो. तो आवरायला हवा. वापर हीही निष्पाप गोष्ट नाही. दुसऱ्या शतकात तातिअनने चार शुभवर्तमानांचा एक सलग वृत्तांत गुंफला. 'दियातेस्सारोन' या नावाने तो सिरियाई मंडळींत पिढ्यान्‌पिढ्या वाचला गेला. पाचव्या शतकात सायऱ्हसचा बिशप थिओडोरेट याला आपल्या अधिकारक्षेत्रात त्याच्या दोनशेहून अधिक प्रती सापडल्या. त्याने त्या गोळा करून बाजूला केल्या आणि त्यांच्या जागी चार स्वतंत्र शुभवर्तमाने दिली. ते वाचणाऱ्यांना त्यात काही वावगे वाटत नव्हते, हेही तो स्वतःच सांगतो. आज त्या ग्रंथाची पूर्ण सिरियाई प्रत उपलब्ध नाही. याउलट हनोखाचा ग्रंथ इथिओपियाच्या चर्चने आपल्या शास्त्रात ठेवला, आणि म्हणून तो गीझ भाषेत पूर्ण स्वरूपात टिकला. इतरत्र त्याचे तुकडेच उरले. हस्तलिखितांच्या युगात ग्रंथ मारण्यासाठी तो जाळावा लागत नाही. त्याची पुढची प्रत कोणी केली नाही की पुरते. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ तेरा पोथ्या मिळाल्या आणि थोमाचे शुभवर्तमान कॉप्टिक भाषेत पूर्ण वाचता आले. पण त्यांना अपवाद म्हणायचे ते याचसाठी, की बाकीच्या मडक्यांत आणि कपाटांत काय होते ते आपल्याला दिसत नाही.

तेव्हा माझ्या वाक्यातील खरा दोष सनावळीचा नव्हता. त्या वाक्यात एक सम्राट होता, आणि सम्राट असला की बाकी सर्वांची सुटका होते. न वाचता संमती देणारा, मागितल्यावर काढून देणारा, प्रत करण्याचा कंटाळा करणारा, असा कोणीही मग त्या गोष्टीत उरत नाही.

ही सुटका मला का हवी होती, ते आता सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका अभ्यासमंडळावर होतो. एका वैकल्पिक अभ्यासपत्रिकेत बाबा पदमनजी यांचे 'अरुणोदय' हे १८८८ सालचे आत्मचरित्र होते. प्रती मिळत नाहीत, विद्यार्थी तो पर्याय निवडत नाहीत, असे कारण पुढे आले. कोणाची हरकत आहे का, असे विचारले गेले. हरकत नव्हती. चहा येण्यापूर्वी तो विषय संपला होता. मी गप्प बसलो, कारण तोपर्यंत मी ते पुस्तक अखेरपर्यंत वाचलेलेच नव्हते. पुढे एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ते मागितले, तेव्हा निर्लेखनाच्या यादीत त्याचे नाव दिसले. कारणाच्या रकान्यात दोनच शब्द होते : मागणी नाही. मागणी संपविणाऱ्या सभेच्या इतिवृत्ताखाली माझी सही होती. आणि त्याच महिन्यात केव्हातरी मी वर्गात निकेयाचे वाक्य उच्चारले असणार, सत्तेविषयीच्या पुरेशा संतापासह.

त्या पुस्तकाचे वाङ्मयीन मूल्य काय, हा स्वतंत्र विवेचनाचा विषय आहे. ते वाचून झाल्यावर कदाचित मी वगळण्याच्याच बाजूने मत दिले असते. सेरापिओननेही वाचल्यावर नकारच दिला. पण त्याच्या नकाराला वाचनाचा आधार होता आणि आधीच्या संमतीला नव्हता, हा फरक त्याने लपविला नाही. आपल्या अभ्यासमंडळांत, पुरस्कार-समित्यांत आणि संपादकीय बैठकांत हा फरक किती वेळा नोंदला जातो?

त्या विद्यार्थिनीला मी दुसऱ्या आठवड्यात सांगितले, की असा नियम नाही आणि मी चुकीचे शिकविले. तिने शांतपणे लघुप्रबंधातील तो परिच्छेद काढून टाकला. तिच्या आधीच्या बावीस वर्षांच्या वर्गांना मात्र हे सांगायचे राहून गेले आहे. त्यांच्यापैकी काही जण आज स्वतः शिकवितात, आणि त्यांतले काही हे नियतकालिक वाचतात. त्यांच्या टिपणवह्यांत ते वाक्य अजून असेल, तर त्यांनी ते खोडावे. आणि त्या जागी काही लिहायचेच असेल, तर आपण न वाचता ज्यांना होकार किंवा नकार दिला, अशा पुस्तकांची नावे लिहावीत. माझ्या वहीत पहिले नाव लिहून झाले आहे.