पाडव्याला परतणारा साक्षीदार

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आमच्या बीड जिल्ह्यात डॉक्टरचं काम करते आणि माझं भांडण तिच्याशीच आहे. म्हातारी चुलीवर दूध ठेवून विसरली, जावयाला ओळखेना झाली, की कुणीतरी ही म्हण टाकतं आणि विषय तिथेच मिटतो. आकडे मात्र म्हणीच्या बाजूने नाहीत. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लासी-डॅड या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण 7.4 टक्के निघालं. माणसं मोजली तर सुमारे 88 लाख. म्हणजे शंभरातल्या ब्याण्णव जणांची बुद्धी शाबूत असते. उरलेल्यांचं ते वय नव्हे, तो आजार, आणि त्यात सर्वाधिक वाटा अल्झायमरचा. हे प्रमाण बायकांत, खेड्यांत आणि शाळा न पाहिलेल्यांत जास्त आढळलं. ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या म्हातारीत या तिन्ही गोष्टी एकत्र येतात.

यावर ठरलेला प्रश्न येतो: औषधच नाही, तर लवकर कळून करायचं काय? प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच. लेकॅनेमॅब हे औषध 1,795 जणांवर 18 महिने तपासलं गेलं आणि घसरण 27 टक्क्यांनी मंदावली. 18 गुणांच्या मापावर हा फरक अर्ध्या गुणाहूनही कमी. दर पंधरवड्याला सलाइन, वरचेवर एमआरआय, मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याची भीती, आणि हे सगळं आजार कोवळा असतानाच. या औषधाच्या नावाने मी इथे कुणाला आशा लावणार नाही. माझा आग्रह वेगळ्या कारणासाठी आहे. बी-12ची कमतरता, मंदावलेलं थायरॉइड, नैराश्य, पडल्यावर डोक्यात साकळलेलं रक्त, यांनीही माणूस असाच भ्रमिष्ट दिसतो, आणि यातलं बरंचसं उपचारांनी सुधारतं. म्हण लावून मोकळं होणाऱ्या घरात बरा होण्याजोगा माणूसही कोपऱ्यात बसून राहतो.

आता निदान कसं करायचं ते पाहू. जगभर वापरली जाणारी 30 गुणांची चाचणी 1975 ची. तिच्यात साल विचारतात, शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात, कागदावर एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढायला लावतात. जिने आयुष्यात पेन्सिल धरली नाही ती इथे नापास होणारच, आणि ते नापास होणं आजाराचं की शाळेचं हे कागदावरून कळत नाही. तिला आज पौष चाललाय की माघ हे ठाऊक असतं, मुकादमाकडून उचल किती घेतली आणि किती फिटली हेही तोंडपाठ असतं. हरियाणात बल्लभगडला 1990 च्या दशकात संशोधकांनी हे ओळखून वजाबाकीऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले, लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी बोलायला सांगितलं. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने स्वतःचा चाचणीसंच केला, तो हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत. मराठी त्यात नव्हती. मला हे खटकतं, आणि नुसता अनुवाद करून ही उणीव भरायची नाही हेही सांगून ठेवतो.

‘आता रक्तातून कळतं’ असंही कुणी म्हणेल. मे 2025 मध्ये अमेरिकेने तशा पहिल्या तपासणीला मान्यता दिली, हे खरं. पण ती लक्षणं दिसू लागलेल्या माणसासाठी आहे. लक्षण आधी कुणाला तरी दिसावं लागतं, म्हणून रोज सोबत राहणाऱ्याची साक्ष निदानाचा कणा असते. आमच्याकडे हा साक्षीदार दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन कारखान्यावर जातो आणि गुढीपाडव्याच्या मागेपुढे परततो. मागे उरतात म्हातारे आणि नातवंडं. ही अडचणच, पण तिच्यात एक सोय दडली आहे. रोज पाहणाऱ्याला हळूहळू होणारा बदल जाणवत नाही. पाच-सहा महिन्यांनी आलेल्याच्या तो डोळ्यांत भरतो. आशाताईने तेव्हा घरोघर एवढंच विचारावं: गेलात तेव्हा आई जे करत होती, त्यातलं काय सुटलं? आशांवर आधीच कामाचा डोंगर आहे ही हरकत मला पूर्ण मान्य आहे, म्हणून हे काम फुकट सांगू नये, त्याचा वेगळा मोबदला द्यावा. निदान त्यांनी करायचं नाही, फक्त माणूस दवाखान्यापर्यंत पोचवायचा. शाळा न पाहिलेल्यांसाठी मराठी चाचणी घडवायला अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाइतकी योग्य जागा मला दुसरी दिसत नाही. असे रुग्ण तिथे शोधत फिरावं लागणार नाही.

तोवर, टोळ्या परततील तेव्हा आईला ‘मला ओळखलंस का’ असं विचारू नका. ती ओळखेल, आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. चहात साखर पडते का, पिठाच्या गिरणीचे पैसे नीट मोजले जातात का, शेताची वाट सापडते का, ते बघा. चुकत असेल तर पुढच्या दिवाळीपर्यंत थांबू नका.