टेन्शन किती द्यायचं?



मंदिरात कुणी नवीन ओळख झाली आणि आमच्या कामाचा विषय निघाला की प्रश्न ठरलेला : "लाकूडकाम? आपल्यात चालतं का हो?" श्रावकाने टाळायच्या पंधरा व्यवसायांत वनकर्म येतं, म्हणून सासऱ्यांनी ओंडके कधी कापायला घेतले नाहीत. चिरलेल्या फळ्या आणायच्या, कीड आहे का ते उलटसुलट बघून घ्यायचं आणि पाट, चौरंग, शास्त्र ठेवायच्या ठवण्या करायच्या, एवढंच. आता शेड पुतण्या बघतो, हिशेब माझ्याकडे.

तर बी.कॉम. झालेल्या बाईला बँडसॉच्या ब्लेडमध्ये लक्ष घालावं लागलं ते खर्चाच्या रकान्यामुळे. ब्लेडं फार यायला लागली होती. पूर्वी आमचे हे ब्लेड बोटाने छेडायचे आणि आवाजावरून ताण ठरवायचे. त्यांना ऐकू कमी यायला लागलं आणि ती विद्या तिथेच थांबली. पुतण्याचा काप वाकडा जायचा, की तो स्क्रू आणखी पिळायचा. एक दिवस ब्लेड तुटलं, मोठा आवाज झाला. झाकण बंद होतं म्हणून कामगाराच्या हातावर निभावलं. त्यानंतर मात्र मी कागद-पेन्सिल घेऊन बसले.

बँडसॉ म्हणजे वर एक चाक, खाली एक, आणि दोन्हींवरून फिरणारं ब्लेडचं कडं. स्क्रू पिळला की वरचं चाक उचललं जातं आणि ब्लेड ताणलं जातं. ढिलं राहिलं तर जाड लाकडात ते मधेच पोट काढतं. वरून रेघ सरळ दिसते, फळी उघडली की आत फुगवटा. जास्त ताणलं तर वेगळीच गोष्ट. प्रत्येक फेऱ्यात ते चाकावर वाकतं, पुन्हा सरळ होतं, आणि त्यात दातांच्या खाचेतून बारीक चिरा सुरू होतात. चाकाच्या बेअरिंगवरही भार पडतो.

स्प्रिंगजवळच्या आकड्यांवर पुतण्याचा फार विश्वास. पण स्प्रिंग जुनी झाली की ते आकडे खरे राहत नाहीत. मुख्य म्हणजे ताण ब्लेडच्या छेदावर मोजायचा असतो. साध्या कार्बन स्टीलच्या ब्लेडला दर चौरस मिलिमीटरला साधारण १०० ते १४० न्यूटन. आमचं ब्लेड १२ मिमी रुंद, ०.६ मिमी जाड, म्हणजे छेद ७.२ चौरस मिमी. १०० ने गुणलं की ७२० न्यूटन, सुमारे ७३ किलो. ब्लेडच्या बाजू दोन, म्हणून वरच्या चाकावर १४७ किलोच्या आसपास! आता स्क्रू तसाच ठेवून त्याच जाडीचं ६ मिमी ब्लेड तेवढ्याच जोराने ओढलं, तर त्याच्यावर दुप्पट ताण. गोल कोपऱ्यांची बारीक ब्लेडंच आमच्याकडे जास्त का तुटत होती, ते मला इथे कळलं.

मोजायची युक्ती सोपी आहे. मशीनचा प्लग काढायचा. ब्लेड ढिलं पण सरळ असताना डिजिटल वर्निअर कॅलिपरचे दोन्ही जबडे १०० मिमी अंतरावर छोट्या क्लँपने ब्लेडला पक्के करायचे, आकडा शून्य करायचा आणि स्क्रू पिळायचा. ०.०५ मिमी वाढ दिसली की ताण १०० न्यूटन. पोलादाचा हा गुण कुठल्याही रुंदीला सारखाच, म्हणून वेगळा तक्ता लागत नाही.

पहिल्यांदा हे केलं तेव्हा ह्यांनाही खुर्ची टाकून बसवलं होतं. कॅलिपर त्यांना दाखवलाच नाही. ०.०४ झालं तेव्हा त्यांनी वरचा गाईड टेबलापासून १५० मिमीवर घ्यायला लावला, ब्लेड बोटाने बाजूला दाबून पाहिलं आणि खूण केली : अजून थोडं. पुतण्याने पिळलं. ०.०५ ला त्यांनी हात वर केला. पुतण्या माझ्याकडे बघत राहिला. "काकू, काकांना आकडा दिसला का?" दिसला नव्हता.

आता दोघं मिळून ब्लेड चढवतात. वाकडा काप आला तर आधी दात बोथट झालेत का ते बघायचं, हे ह्यांनी पुतण्याच्या डोक्यात पक्कं बसवलंय. बोथट ब्लेडला ताण देऊन काही उपयोग नाही. रात्री शेड बंद करताना ब्लेड सैल करतात, नाहीतर चाकांवरच्या रबराला एकाच जागी दाब बसून खड्डा पडतो. सकाळी कुणी तसंच चालू करू नये म्हणून स्विचवर मी पुठ्ठा अडकवते : "ब्लेड सैल आहे." तेवढं अक्षर माझं.