एफ-वन दाबत राहिलो

जुन्या ड्युअल-कोर कॉम्प्युटरवर डब्ल्यूएसजेटी-एक्स हे हौशी रेडिओचं सॉफ्टवेअर सोर्सपासून कंपाइल करायचं ठरवलं, त्यात गरज कमी आणि हौस जास्त होती. डेबियनच्या भांडारात ते तयार मिळतं. पण ती आवृत्ती थोडी मागची होती. शिवाय त्याचे कर्ते, नोबेलविजेते जो टेलर, स्वतःचा सोर्स खुला ठेवतात आणि आपण आयतं वापरायचं, हे स्वतःला हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, म्हणवणाऱ्याला शोभत नाही, असं मीच मला पटवलं.

कोर दोन, रॅम दोन जीबी, तरी बिल्ड चालवणाऱ्या मेकला एकदम चार कामं दिली. या सोर्समध्ये फोरट्रान आहे, सी आहे. पण क्यूटी आणि बूस्ट वापरणारा सी-प्लस-प्लसचा भाग मेमरीचा फडशा पाडतो. बिल्ड अर्ध्यावर कोसळला. मी शेवटची ओळ वाचली: ‘एरर 2’. वर कुठंतरी बिघडलंय, एवढंच ती सांगते. मी रॅमवर संशय घेतला. पट्टी काढली, खोडरबरानं घासली, परत बसवली. कर्नलच्या लॉगमध्ये मात्र मेमरी संपल्यामुळे कंपायलर बंद केल्याची स्वच्छ नोंद होती. एका वेळी एकच काम आणि जोडीला स्वॅप फाइल दिली, तेव्हा बिल्ड रात्रभर रखडला, पण पुरा झाला.

मग हॅमलिब. रिगशी, म्हणजे रेडिओ संचाशी, बोलणारी ही लायब्ररी सोर्सच्या गाठोड्यात सोबतच येते. तरी नवी हवी म्हणून मी निराळी आणून थेट सिस्टिममध्ये टाकली. एक डेबियनची, एक माझी. दोघींच्या गोंधळात आधी नीट चालणारं लॉगिंगचं सॉफ्टवेअरही बंद पडलं.

सगळ्यात लाजिरवाणी चूक याच्या पुढची. 7.074 मेगाहर्ट्झवर एफटी8 ही डिजिटल पद्धत लावली. वॉटरफॉलवर रेघा ठळक दिसत होत्या, डिकोड मात्र एकही नाही. दोष कंपायलरच्या फ्लॅगमध्ये असणार म्हणून सगळं पुसून नव्यानं कंपाइल केलं. पुन्हा तेच. एफटी8 चा प्रत्येक संदेश 12.64 सेकंदांचा असतो आणि पंधरा सेकंदांच्या ठरलेल्या खिडकीत बसतो, म्हणून घड्याळ सेकंदभराच्या आत बरोबर लागतं. माझ्या मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल केव्हाच संपला होता. रेडिओच्या खोलीत इंटरनेट नाही, त्यामुळे वेळ मी मनगटी घड्याळात बघून अंदाजे लावायचो, तेही आठवलं तर.

कॉम्प्युटरनं हे लपवलं नव्हतं. सुरू होताना तो रोज तक्रार करायचा आणि मी न वाचता एफ-वन दाबून पुढं जायचो. कंपाइल करतानाही मेकनं बजावलं होतं: फाइलींची वेळ भविष्यातली दिसतेय, बिल्ड अपुरा असू शकतो. ती नुसती वॉर्निंग, एरर नव्हे, म्हणून सोडून दिली. नवा सेल घातला, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून वेळ जुळवली आणि पुढच्याच खिडकीत कॉलसाइनची रांग लागली. रॅम, फ्लॅग, कंपायलर सगळे निर्दोष होते.

जुन्या यंत्रावर हा उद्योग करणार असाल, तर आधी सेल बदला आणि घड्याळ जुळवा. बिल्ड पडला तर शेवटून वर जात पहिली एरर शोधा. आणि भांडारातली आवृत्ती पुरत असेल, तर ती बिनदिक्कत वापरा. तुमच्या सिग्नलवरून ते कुणालाही ओळखता येत नाही.