पाव लिटरचं औषध

लेक ऑक्सिजनसकट घरी जाणार, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मला ते उमगलंच नाही. ऑक्सिजन सुटला की घरी सोडतात, एवढीच माझी समजूत. ती सत्ताविसाव्या आठवड्यात जन्मली, बरेच दिवस व्हेंटिलेटरवर होती. अशा बाळांच्या फुप्फुसांच्या दुखण्याचं नाव मी कागदावर लिहून घेतलं : ब्राँकोपल्मनरी डिस्प्लेसिया. विल्यम नॉर्थवे या डॉक्टरांनी १९६७ साली त्याचं पहिल्यांदा वर्णन केलं. पण मी धरून ठेवली ती दुसरीच गोष्ट. फुप्फुसातले वायुकोश जन्मानंतरही काही वर्षं नव्याने तयार होत राहतात. लेक अंगाने भरेल तशी तिची फुप्फुसंही वाढतील, तोवर ऑक्सिजनचा आधार.

ऑक्सिजनचं मशीन घरी आलं. आत ऑक्सिजन भरलेला असतो असं मला वाटत होतं. तसं नसतं. ते खोलीतलीच हवा ओढतं, झिओलाइटच्या दाण्यांमध्ये नायट्रोजन अडकवतं आणि २१ टक्के ऑक्सिजनच्या हवेतून ९० टक्क्यांहून जास्त शुद्ध ऑक्सिजन बाहेर देतं. म्हणून ते भिंतीला चिकटवून ठेवायचं नाही, जाळी धुवायची, आणि कोलकात्याच्या दमट हवेत ओली जाळी परत बसवायची नाही. झिओलाइटला ओल चालत नाही.

आमची मात्रा होती मिनिटाला पाव लिटर. मशीन मोठ्यांसाठीचं, पाच लिटरचं. त्यावर पाव लिटर नेमकं वाचताच येत नाही. लहान बाळांचा वेगळा फ्लोमीटर जोडावा लागला. त्याच्या नळीत तरंगणाऱ्या गोळीचा मध्य रेषेवर हवा आणि आपली नजर गोळीच्या पातळीत. रात्री सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, जरा घसरलं की हात बटणाकडे जायचा. थोडा जास्त दिला तर काय बिघडणार? डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं : हे औषध आहे, त्याला मात्रा असते. कमी पडला तर वजन वाढत नाही आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. पण १९४०-५०च्या दशकांत इनक्युबेटरमध्ये सढळ हाताने ऑक्सिजन दिल्यामुळे कमी दिवसांच्या हजारो बाळांची दृष्टी गेली होती. ते ऐकल्यापासून मी विचारल्याशिवाय बटणाला हात लावला नाही.

सॅच्युरेशनच्या आकड्याची भीती मात्र बराच काळ गेली नाही. आम्हाला ९३ च्या वर राहायला सांगितलं होतं. लेक पाय झाडायची आणि पडद्यावर ७८ उमटायचं. एनआयसीयूतल्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या, सिस्टर म्हणायच्या, ‘आगे बाच्चाके देखून, तारपोर मेशिन.’ आधी बाळ, मग मशीन. ओठ गुलाबी आहेत का, श्वासाबरोबर बरगड्यांखाली खड्डा पडतोय का, नाकपुड्या फुलताहेत का? मग आकडा मोजणारा प्रोब नीट बसलाय का, पडद्यावरची लाट एकसारखी चालते का. लाट वेडीवाकडी असेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. दूध पिताना मात्र आकडा खरोखर घसरायचा. तेव्हा थांबायचं, तिला श्वास घेऊ द्यायचा, मग पुढचा घोट.

कॅन्युला, म्हणजे नाकात ऑक्सिजन देणारी नळी, लावायची रीत सगळ्यात अवघड. आधी गालावर पातळ पारदर्शक पट्टी, तिच्यावर नळी, नळीवर चिकटपट्टी. म्हणजे पट्टी बदलताना गालाची साल निघत नाही. नाकातल्या टोकांचा बाक खालच्या दिशेला. नाक कोरडं पडलं तर सलाइनचे थेंब. व्हॅसलीन किंवा तेल नाही, कारण ऑक्सिजनजवळ ते पेट घेऊ शकतं. तेलमालीश करायला निघालेल्या आईला हे पटवताना मला रडू आलं. ऑक्सिजनजवळ ज्योतही नको, म्हणून देवापुढची समई विजेची झाली. शेजारच्या काकीमा रोज संध्याकाळी धुनो, म्हणजे धूप, फिरवतात; त्यांना सांगायला मी बिचकत होते. त्यांनी ऐकलं आणि धुपाची धुनुची गच्चीवर नेली.

चैत्र-वैशाखात कालबैशाखीचं वादळ आलं की वीज जाते. मशीन बंद. त्यासाठी खाटेशेजारी बी-टाइप सिलिंडर, साखळीने भिंतीला बांधलेला. त्यात सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन मावतो. पाव लिटरने हिशेब केला तर शंभर तास. हा हिशेब मी भिंतीवर लिहून ठेवला आणि पहिल्यांदा शांत झोपले. सिलिंडरची चावी त्यालाच दोरीने बांधलेली असते. अंधारात ती शोधत बसायला वेळ नसतो.

ज्यांचं बाळ असं घरी येणार आहे, त्यांना माझं एकच सांगणं. डिस्चार्जचा कागद हाती घेण्याआधी हॉस्पिटलातच, सिस्टरांच्या देखत, कॅन्युला स्वतः बदला, सिलिंडर स्वतः उघडून बंद करा, मशीनवरून सिलिंडरवर बाळाला स्वतः घ्या. घरातल्या आणखी एकाला तरी हे सगळं करायला लावा. सिस्टर घाईत असतील. तरी आग्रह धरा.