उत्तरेचं ऊन

आर्किटेक्चरच्या कॉलेजात उत्तरेची खिडकी म्हणजे निर्धास्त खिडकी: बारा महिने मऊ उजेड, ऊन नाही. म्हैसूरच्या ऑफिसात सूर्यमार्गाचा आलेख काढायला बसले आणि डोकं चक्रावलं. शहर १२.३ अंश अक्षांशावर. २३ एप्रिलच्या आसपास भर दुपारी सूर्य थेट माथ्यावर येतो, मग उत्तरेला सरकतो, तो २० ऑगस्टच्या सुमारास परततो. जवळजवळ चार महिने दुपारचं ऊन उत्तरेच्या भिंतीवर! पुण्यातही मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत हेच होतं, पण पावसाळी आभाळामुळे ते कधी नजरेत भरलं नव्हतं.

काम होतं कुवेंपुनगरातल्या तीस बाय चाळीसच्या प्लॉटवरच्या घराचं. ऑफिसातल्या मॅडमनी हातात महोनी तक्ते ठेवले, हवामानावरून घर कसं बांधावं ते सुचवणारे. दर महिन्याचं तापमान, आर्द्रता, पाऊस भरायचा नि उत्तर वाचायचं. तक्त्यांमागे केनिग्सबर्गर. नाझींमुळे जर्मनी सोडलेला हा माणूस १९३९ मध्ये म्हैसूर संस्थानाचा मुख्य वास्तुविशारद झाला आणि पुढे लंडनमध्ये उष्ण कटिबंधातली घरबांधणी शिकवत राहिला. आपण त्याच्याच अंगणात आलोय म्हणून मी खूश. पण तक्ते भलतेच भांडखोर! एप्रिलचे आकडे म्हणतात, भिंती जाड करा, दिवसाची उष्णता अडवा. पावसाळ्यातले म्हणतात, समोरासमोर खिडक्या ठेवा, वारा खेळू द्या. ऐकायचं कोणाचं?

शहर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरहून उंच, त्यामुळे उन्हाळ्यातही रात्री पारा बऱ्यापैकी उतरतो. तेव्हा दोघांचंही ऐकायचं: भिंत जड, खिडक्या दुपारी बंद, रात्री सताड उघड्या. आता डासांची जाळी नि चोरांचे गज यांचा रकाना कुठल्याच तक्त्यात नाही, ही वेगळी गोष्ट.

साइटवर बेळगावकडचे मेस्त्री माझी उजळणी ऐकत होते. म्हणाले, “म्याडम, ऊन पडतंय वरनं आणि तुम्ही भिंती कसल्या मोजताय?” खरंच होतं. इथे दिवसभर सगळ्यात जास्त ऊन खातं ते छत. इथल्या जुन्या तोट्टी मनेत, म्हणजे चौकाच्या घरात, वर कौलं आणि मध्ये उघडा चौक. आमच्याकडे सपाट स्लॅब, दुपारभर तापणारा आणि रात्री तीच धग खाली झोपलेल्यांवर सोडणारा. ऊन परतवायला गच्चीवर पांढऱ्या चायना मोझॅक फरशीचा खर्च लगेच अंदाजपत्रकात घातला.

छज्ज्यांचं गणित त्यामानाने सोपं. २१ जूनलाही दुपारी सूर्य माथ्यापासून जेमतेम ११ अंश उत्तरेला, तेव्हा उत्तरेला दीड फूट पुरतो. पश्चिमेला मात्र छज्जा कितीही ओढा, पाचचं तिरपं ऊन त्याखालून घुसतंच. मालकीणबाईंना चामुंडी टेकडी दिसायला पूर्वेला मोठी खिडकी हवी होती. ती दिली, कारण सकाळी घर रात्रभर निवलेलं असतं, थोडं ऊन सोसतं. पश्चिमेला जिना, न्हाणीघर आणि कपाटं लावली. मालकांना तिथेच सूर्यास्तासाठी काचेची भिंत हवी आहे. वाद चालू आहे.