नायबाचा प्रवास

धर्मगुरूच्या कपाटात बायबल, उपासनेचे ग्रंथ आणि संतचरित्रे असावीत, हे सर्वांनाच मान्य असते. माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात मात्र पत्त्यांचे चौतीस जुने जोड आहेत. काहींच्या कडा झिजून मऊ झालेल्या, काहींतला एखाददुसरा पत्ता हरवलेला. तरुण मंडळी हे ऐकून हसतात. वडीलधारे गंभीर होतात. एका आजोबांनी तर सरळ विचारले, "फादर, सैतानाची पोथी जपून कशाला ठेवता?" प्रश्न रास्त होता. तीन पत्तीपायी लोकांनी घरेदारे घालवलेली मी पाहिली आहेत. तेव्हा हा छंद निरुपद्रवी आहे असे मी कसे म्हणावे?

मला या वाटेला लावले ते एका शब्दाने. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात इजिप्तच्या मामलुक राजवटीतले हाताने रंगवलेले पत्ते आहेत. १९३१ साली मायर नावाच्या संशोधकाच्या दृष्टीस ते पडले. पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या हे त्यांचे चार रंग. प्रत्येक रंगात राजा, नायब आणि दुय्यम नायब. माणसाचे चित्र एकही नाही. नुसता हुद्दा सुंदर अक्षरात लिहिलेला. हा खेळ इटलीत पोचला तेव्हा लोक त्याला 'नाइबी' म्हणू लागले आणि स्पेनमध्ये पत्त्याला आजही 'नाइपे' म्हणतात. आपल्या तालुक्याच्या कचेरीतले नायब तहसीलदार आणि स्पॅनिश माणसाच्या हातातला पत्ता ही एकाच अरबी शब्दाची लेकरे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. हे वाचले त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही.

ख्रिस्तसभेचा या पाहुण्याशी संबंध लगेचच आला. १३७७ साली फ्लोरेन्स नगरीने पत्त्यांवर निर्बंध घातले. त्याच वर्षी जर्मनीतल्या फ्रायबुर्ग येथे योहान्नेस नावाच्या डॉमिनिकन बंधूने पत्त्यांवर लॅटिनमध्ये एक ग्रंथ लिहिला. या बंधूला पत्त्यांत समाजाचे चित्र दिसले: राजाने कसे वागावे, सरदारांनी कसे वागावे, सामान्य माणसाने आपला धंदा कसा सचोटीने करावा. पुढे १४२३ साली सिएनाचे संत बर्नार्डिनो यांनी बोलोन्या शहरात जुगाराविरुद्ध प्रवचने केली आणि लोकांनी आपले पत्ते आणून जाळले. एका पत्ते रंगवणाऱ्याने 'आता मी खाऊ काय?' असे विचारले, तेव्हा संतांनी त्याला येशूच्या पवित्र नावाची अक्षरे रंगवायला सांगितली, अशी आख्यायिका आहे. मला ती फार आवडते, कारण तिच्यात संताला कारागिराच्या चुलीचीही काळजी आहे. संध्याकाळी गप्पा मारायला मला योहान्नेस हवेत. पगाराच्या दिवशी धर्मग्रामात मात्र बर्नार्डिनोच हवेत.

पोर्तुगीजांनी हे पत्ते जहाजांवरून पूर्वेकडे नेले. जपानी भाषेतला 'कारुता' हा शब्द पोर्तुगीज 'कार्ता'वरूनच आला. १५९६ साली 'सान फेलिपे' हे गलबत जपानच्या तोसा किनाऱ्यावर फुटले आणि त्यातून उसळलेल्या रोषात आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झाले. त्या तोसाचा सरदार चोसोकाबे मोतोचिका याने त्याच वर्षी आपल्या प्रजेसाठी कायदे केले आणि त्यांत 'कारुता'च्या जुगारावर बंदी घातली. जपानमधल्या पत्त्यांचा हा सर्वांत जुन्या लेखी उल्लेखांपैकी एक. वसईची मुले संत गोन्सालोंची गोष्ट पाठ म्हणतात. तिच्या शेजारच्या पानावर पत्ते आहेत, हे मला फार उशिरा कळले.

सरकारांची तऱ्हा वेगळी. इंग्लंडने १७११ साली पत्त्यांवर जबर कर बसवला आणि पुढे कर भरल्याची खूण म्हणून इस्पिकचा एक्का सरकारच छापू लागले. त्या एक्क्यावरची नक्षी अजून भरगच्च असते ती त्यामुळेच. खोटा एक्का छापल्याबद्दल १८०५ साली रिचर्ड हार्डिंग नावाच्या माणसाला फाशी झाली. कर उठला तो १९६० मध्ये.

कपाटातला शेवटचा जोड एका बाईंनी आणून दिला. नवरा जाऊन वर्ष झाले होते. त्यांच्या संसाराचे काय झाले ते साऱ्या वाडीला ठाऊक होते. "फादर, हे घरात नको. जाळून टाका," त्या म्हणाल्या. मी जोड उघडला. इस्पिकच्या एक्क्यावर बेल्जियमच्या टर्नहाउट गावाचे नाव होते. पत्त्यांच्या छपाईसाठी ते गाव जुने आणि नामांकित. मी त्यांना म्हटले, "बाई, तुमची हरकत नसेल तर ठेवू का? खेळू कोणाला देणार नाही." त्या काही बोलल्या नाहीत. मी एकेक पत्ता मोजू लागलो. बदाम सत्ती मूळची नव्हती. पोस्टकार्ड कापून, त्यावर लाल पेन्सिलीने सात बदाम काढून कोणीतरी ती जागा भरली होती. बदाम एका ओळीत नव्हते, पण मन लावून काढले होते.

बाईंनी हात पुढे केला. "हे त्यांनी काढलेले. पोरगा लहान होता, तेव्हा दोघे भिकार-सावकार खेळायचे." तो एक पत्ता त्यांनी घेतला, पर्समध्ये जपमाळेशेजारी ठेवला आणि उठल्या. जोडात आता एक्कावन्न पत्ते आहेत.