हसू, खोकला आणि निळा पंप

• हसणं म्हणजे मुख्यतः श्वास सोडणं. ह-ह-ह करत लहान लहान धक्क्यांनी हवा बाहेर पडते. एरवी श्वास सोडल्यावर छातीत जेवढी उरते तेवढीही उरत नाही. मग एकदम मोठा श्वास, तोही तोंडानं, म्हणजे नाकात मिळणारी ऊब आणि ओल चुकली. दमेकऱ्याच्या आधीच सुजलेल्या, चिडक्या श्वासनलिका आवळायला एवढं पुरतं.

• आत्याचं ठरलेलं. हसायला लागली की आधी आवाज जातो, नुसते खांदे हलतात, मग कोरडा खोकला. एका हातानं "थांब रे मेल्या" अशी खूण, दुसरा हात पर्समध्ये पंप शोधतोय.

• २००३ मधला ऑस्ट्रेलियातला अभ्यास: दमेकरी मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांना हसण्यानं त्रास. दोन वर्षांनी न्यूयॉर्कच्या स्टुअर्ट गॅरे यांना मोठ्या माणसांत हे प्रमाण निम्म्याहून जास्त आढळलं. धूळ, फटाके, गार हवा हे आपण डॉक्टरांना न विचारता सांगतो. हसण्याचं कोण सांगतं?

• उलट बाजू जपानची. हाजिमे किमाता यांनी २००१ मध्ये चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स' दाखवला, तर ॲलर्जीच्या चाचणीत त्वचेवर उठणाऱ्या गांधी लहान झाल्या. पुढे दमेकऱ्यांना विनोदी चित्रपट दाखवल्यावर श्वासनलिकांचा चिडकेपणाही कमी भरला. अभ्यास छोटे, पण मला यात भांडण दिसत नाही. गॅरेंचे रुग्ण हसतानाचं सांगतात, किमातांनी मोजलं ते हसून झाल्यावर.

• महत्त्वाचं: हसलं की खोकला येत असेल, तर बहुधा दमा आटोक्यात नाही. रोजचा पंप "आता बरं वाटतंय" म्हणून परस्पर बंद केलेला असतो, किंवा ओढायची पद्धत चुकते. हसू आवरण्यापेक्षा हे दुरुस्त करणं सोपं.

• हास्यक्लब मुंबईत १९९५ मध्ये डॉ. मदन कटारियांनी सुरू केला. डिसेंबरातल्या पहाटे बागेत हात वर करून हो-हो-हा-हा म्हणजे दमेकऱ्याला गार हवा आणि हसणं एकदमच. पुढचे काका "अजून जोरात!" म्हणोत, धाप लागली की बाकावर बसावं.

• नाट्यगृहात कुणाला अशी उबळ आली की शेजारी पाण्याची बाटली पुढे करतात. पाण्यानं ठसका जाईल, हा खोकला नाही. ताठ बसवा, निळा, म्हणजे तातडीचा, पंप द्या.